अकरा धागे

३ फेब्रुवारी

ती. मामा,
सा. न.

फोनवर आपण दोघं बोललो की दोन वेगळे फोन चालू असल्यासारखं होतं. परवा मी ‘सर्दी झालीय’ म्हटलं आणि तू ‘गर्दी असायचीच’ म्हणालास. म्हणून सरळ कागद घेतला. शिवाय आज सल्ला हवाय, आणि तुझा सल्ला लेखी असला की मला तो पुन्हा काढून वाचता येतो.

विषय ऑफिसचा आहे. ग्राहकसेवेचं खातं आता माझ्याकडे आलंय, हे तुला माहीत आहेच. आमची शिलाई मशिनं घेतलेले लोक हल्ली आम्हाला फोन करण्याआधी एकमेकांना विचारतात. कुणीतरी इंटरनेटवर त्यांचा एक गट काढलाय, तिथे हजारोंनी जमतात. तिथे आमचं काही चालत नाही. गेल्या महिन्यात एका शहाण्याने मशीनला स्वयंपाकाचं तेल चालतं असं ठोकून दिलं आणि चौघांनी ते घातलं. चारही मशिनं चिकटून आमच्याकडे आली.

तर प्रश्न असा, की कंपनीने स्वतःचाच फोरम काढावा का? आमच्या साइटवर, आमच्या नावाखाली, लोकांनी प्रश्न विचारायचे, लोकांनीच उत्तरं द्यायची, आम्ही मध्ये मध्ये बोलायचं. विक्रीप्रमुख म्हणतात, काढाच, लोक आपल्या अंगणात बसले की आपले होतात. कारखानाप्रमुखांचा सक्त विरोध. ते म्हणाले, बाहेर बोलले तर त्या गप्पा असतात, आपल्या दारात बोलले की ती तक्रार होते. मोठ्या साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि टिपण लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मला मनातून वाटतंय की काढावा. पण तू अडतीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलंस. तुला काय वाटतं?

तुझी,
खारू

---

११ फेब्रुवारी

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

फोरम म्हणजे काय ते शेजारच्या फोटोग्राफरकडून समजून घेतलं. त्याने कागदावर लिहून, चित्रं काढून समजावलं. बिचाऱ्याची अर्धी दुपार गेली.

माझ्या दुकानाबाहेर बाकडं होतं. तू त्यावर पालथी पडून पाढे लिहायचीस. दुरुस्तीला आलेल्या बायका तिथे बसून आपापसांत बोलायच्या. तेव्हा माझे कान शाबूत होते. मी आत स्क्रू काढत ऐकत असायचो. मशीनबद्दल मला जे कळलं त्यातलं अर्धं त्या बाकड्यावरून कळलं, हे मी कुणाला सांगितलं नाही इतकंच.

पण एक गोष्ट तुलाही सांगितलेली नाही. एकदा एक शिक्षिका तिथे बसून सगळ्यांदेखत म्हणाली, की मी तिच्या मशीनचा चांगला पट्टा काढून जुना बसवला. मला झोंबलं. मी उठून बाहेर गेलो आणि म्हणालो, बाई, इथे बसू नका. ती गेली. तिच्या मागोमाग बाकीच्याही उठल्या. पुढे कितीतरी दिवस बायका मशीन ठेवायच्या आणि लगेच निघायच्या. आणि तिचा पट्टा खरोखरच जुना होता. दोन मशिनं शेजारी उघडी होती, माझ्याच हातून अदलाबदल झाली होती. ते मला आठवड्याने सापडलं. तिला मी कधी सांगितलं नाही. रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूने जायचो. आज ती बाई हयात नाही, पण लाज आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. काढा. पण आपल्याविरुद्धचं बोलणं तिथंच राहू द्यायची ताकद असेल तर काढा. नसेल तर लोकांना दुसऱ्याच्या ओट्यावर बोलू द्या, आपण कान देऊन ऐका.

सर्दीवर वाफ घे.

तुझा,
मामा

---

२ मे

ती. मामा,
सा. न.

टिपण मंजूर झालं. ‘ताकद असेल तर काढा’ हे तुझं वाक्य मी जसंच्या तसं घातलं, ‘एका अनुभवी कारागिराचं मत’ म्हणून. मोठ्या साहेबांनी त्याखाली रेघ मारली. मग मी नियम लिहिला, आणि तो फोरमच्या अगदी माथ्यावर, मोठ्या अक्षरांत लावलाय: शिवीगाळ सोडून इथलं काहीही काढून टाकलं जाणार नाही. खाली माझी सही. कारखानाप्रमुख ते वाचून म्हणाले, बाई, सही पेन्सिलीने केलीय ना? सगळे हसले, मीही हसले.

उघडून पंधरा दिवस झाले. सोळाशे लोक आलेत. मामा, तू ये ना. इथे सगळं लिहूनच बोलायचं असतं. तुझ्यासाठी आमचं नवं मशीन पाठवतेय, नाही म्हणू नकोस. बाजारात नुकतंच आलंय, पेडल इतकं हलकं की पाय ठेवला नाही तोच चालू होतं.

तुझी,
खारू

---

२० जून

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

मी तुमच्या फोरमवर रोज असतो, पण तुला ओळखू आलो नसेन. मी ‘मिस्त्री’. भाचीच्या ओळखीने मान मिळायला नको म्हणून कुणाला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

खारू, तुला काय सांगू. गेली नऊ वर्षं चार माणसांत बसलो की सगळे हसले की मी हसतो. कशाला हसलो ते मला कळत नाही. कुणी मला काही विचारलं की शेजारचा माझ्या वतीने उत्तर देतो. इथे मला कुणीही बहिरा म्हणून ओळखत नाही. एकाने विचारलं, मशीन खडखडतंय, दोष कुठे? मी म्हटलं, खडखड कशी, सुई खाली जाताना की वर येताना? त्याने ऐकून लिहिलं, मी वाचून निदान केलं, आणि ते बरोबर निघालं. लोक म्हणाले, मिस्त्रींचे कान काय तयार आहेत. मी खुर्चीत एकटाच हसलो. यावेळी कशाला हसलो ते मला माहीत होतं.

इथे विषयाला ‘धागा’ म्हणतात ते मला फार आवडलं. सगळा जन्म धाग्यातच गेला.

एक बाई आहेत, ‘पडदेवाली’ नावाने लिहितात. घरी पडदे शिवून देतात. हात चांगला, विनोदही चांगला. एका गिऱ्हाइकाने खिडकी मोजली आणि दाराचे पडदे मागितले, तो किस्सा त्यांनी लिहिला तेव्हा दोनशे लोक हसून लोळले. त्यांनी सोमवारी एक धागा सुरू केला होता, की नव्या मशीनचं पेडल सोडलं तरी सुई एखाद-दोन टाके चालत राहते. खाली आणखी तिघांनी आमचंही तसंच होतं म्हणून लिहिलं होतं. मी सावकाश उत्तर देऊ म्हणून ठेवलं, तर बुधवारी धागाच दिसेना. मीच चुकीच्या जागी शोधतोय का? पेडलचं काही कळलं तर कळव.

तुझा,
मामा

---

९ जुलै

ती. मामा,
सा. न.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कामाचा ताण आहे. फोरम तांत्रिक कारणास्तव दुसऱ्या सर्व्हरवर हलवला, त्यात काही मजकूर गहाळ झाला. पेडलबाबत कारखान्याकडून तपासणी झाली असून त्यात दोष आढळलेला नाही. हलक्या पेडलची सवय नसल्यामुळे पाय पूर्ण उचलला जात नाही, असं त्यांचं मत आहे. कुणी विचारलं तर तू तसं सांगू शकलास तर बरं होईल, तुझं लोक ऐकतात.

तब्येतीला जप.

तुझी,
खारू

---

२५ जुलै

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं केलं. पडदेवालींनी पुन्हा पेडलचा विषय काढला होता. मी लिहिलं, ‘बाई, जुन्या जड पेडलवर आयुष्य गेलेल्यांचं असं होतं. टाच टेकवून चवडा पूर्ण उचलायची सवय लावा. मशीनला उगाच दोष देऊ नका, चूक पायाची आहे.’ चाळीस-पन्नास जणांनी लगेच मान डोलावली. त्या म्हणाल्या, मिस्त्री म्हणतात म्हणजे पायच चुकत असणार, आता त्याला शिकवते. मोठ्या मनाची बाई. खरं सांगायचं तर मला जरा मिरवल्यासारखं झालं.

तुझं मागचं पत्र मात्र तुझं वाटलं नाही. ‘आढळलेला नाही’ असं तू मला कधी लिहिलेलं आठवत नाही. बरी आहेस ना? जेवणखाण वेळेवर करतेस ना?

तुझा,
मामा

---

१४ सप्टेंबर

खारू,

जुलैच्या आणि ऑगस्टच्या, दोन्ही पत्रांना तुझं उत्तर नाही. हे तिसरं.

काल सकाळी अकराच्या सुमाराला पडदेवालींच्या मुलीने फोरमवर लिहिलं. ती दवाखान्यात परिचारिका आहे. आईने कापड फिरवण्यासाठी पेडल सोडलं आणि सुईजवळ बोट नेलं. मशीन थांबलं नाही. सुई उजव्या हाताच्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली, आतल्या हाडाजवळ मोडली. तुकडा काढायला भूल द्यावी लागली. बोट वाकत नाही, वाकेल की नाही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणतात.

मी उत्तर लिहायला घेतलं. माझी बोटं हळू चालतात, तुला माहीत आहे. लिहून झालं, पाठवायला गेलो, तर समोर अक्षरं आली: ‘हा धागा अस्तित्वात नाही.’

मग तू पाठवलेल्या मशीनचं पेडल उलटं केलं आणि उघडलं. आत वीज तोडणारी एक पितळी पट्टी आहे, ती फार पातळ घेतलीय. गरम झाली की जागेवर चिकटते, थंड झाली की सुटते. अर्धा तास सलग चालवून मी ते चारदा करून पाहिलं. चारपैकी तीन वेळा पाय हवेत असताना सुई चालत होती. तपासणाऱ्याला हे दिसलं नाही, असं होऊ शकत नाही.

मला एकच सांग. तिथलं काढून टाकायचं काम कोणाकडे आहे?

मामा

---

२२ सप्टेंबर

ती. मामा,

माझ्याकडे.

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

जूनमध्ये पडदेवालींचा धागा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला बैठकीला बोलावलं. विक्रीप्रमुख, कारखानाप्रमुख आणि कंपनीच्या वकीलबाई. कारखानाप्रमुखांनी पट्टीचा दोष लगेच मान्य केला, त्यांनीच तो शोधलाही होता. म्हणाले, नवी पट्टी करायला तीन आठवडे द्या, मग आपण स्वतःहून सांगू. वकीलबाई म्हणाल्या, तोपर्यंत आपल्याच साइटवर, आपल्या नावाखाली हे लिहिलेलं राहिलं तर उद्या कोणी म्हणेल, यांना माहीत होतं. विक्रीप्रमुख माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. अंगण आपलं आहे, केरही आपणच काढायचा.’

मी नियमाची आठवण करून दिली. एकदाच. म्हणजे खालच्या आवाजात, कागदाकडे बघत. कुणी काही बोललं नाही आणि मीही पुन्हा बोलले नाही.

सर्व्हर कुठेही हलवला नव्हता. मी जागेवर जाऊन बसले आणि धागा काढून टाकला. काढताना संगणक विचारतो, ‘नक्की काढायचं?’ मी ‘हो’ दाबलं. तीन आठवड्यांचे सहा झाले, सहाचे बारा. नवी पट्टी आली ती चालली नाही. आजवर मी अकरा धागे काढलेत. हाताखालच्या मुलींना सांगितलं असतं तर त्यांनी काढले असते, पण त्यांना कारण सांगावं लागलं असतं.

मामा, इथवर लिहिलेलं अजून सांगण्यासारखं आहे. पुढचं नाही.

तुझं जुलैचं पत्र आलं. त्या बाईंना तू काय सांगितलंस ते वाचलं. त्याच क्षणी मला एक ओळ लिहिता आली असती, ‘मामा, ते मागे घे.’ फोरमवर तुझ्या नावाने एक खासगी निरोप टाकता आला असता, अर्धं मिनिट लागलं असतं. मी पत्र घडी घालून खणात ठेवलं. कारण तुझ्या उत्तराने पेडलच्या तक्रारी थांबल्या होत्या. मला हायसं वाटलं होतं. आणि ऑगस्टच्या बैठकीत विक्रीप्रमुखांनी तुझं उत्तर छापून आणलं होतं. म्हणाले, हा मिस्त्री कोण आहे शोधा, असा माणूस आपल्या बाजूने हवा. सगळे माझ्याकडे बघत होते. ‘माझा मामा आहे’ असं मी म्हणाले नाही. मी म्हणाले, ‘एक जुने ग्राहक आहेत.’

तुझ्या तोंडून मी खोटं वदवलं. त्या बाईंनी माझ्यावर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला.

मुलीचा धागाही मीच काढून टाकला. जेवणाच्या सुट्टीआधी.

खारू

---

५ ऑक्टोबर

चि. खारू,

पत्र मिळालं.

मी पडदेवालींकडे जाऊन आलो. मुलीने पत्ता कळवला. बसने तीन तास. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत मशीन चादरीखाली झाकून ठेवलंय आणि भिंतीला टेकून कापडाचे गठ्ठे उभे आहेत, प्रत्येकावर गिऱ्हाइकाच्या खिडकीच्या मापाची चिठ्ठी. बाई पंचावन्नच्या असतील. मी दारातच म्हटलं, मी मिस्त्री, मला ऐकू येत नाही. त्यांना ते नवीन होतं. त्या काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही. मग त्यांनी वही घेतली, डाव्या हाताने लिहायला लागल्या आणि थांबल्या. उजव्या हाताला पट्टी होती. शेवटी मुलीला शेजारी बसवलं. आई बोलायची, मुलगी लिहायची, मी वाचायचो.

मी सांगितलं की पेडलमध्ये दोष आहे, मी स्वतः उघडून पाहिलंय. आणि हे पाहण्याआधी, न तपासता, मी तुमचा पाय चुकतो असं चारचौघांत लिहिलं. अडतीस वर्षं या धंद्यात काढली, आणि उघडून बघायच्या आधी बोललो असं एकदाच झालं. ते तुमच्यावर शेकलं.

मग बाई बोलल्या आणि मुलगी लिहिताना थांबली, आईकडे बघितलं, आणि मग लिहिलं. वहीचा तो कागद मी मागून घेतला नाही, पण मला पाठ आहे. ‘दोन महिने मी माझा पायच तपासत होते, मिस्त्री. रोज काम सुरू करताना त्याला शिव्या देत होते. सुई बोटात गेली तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं, की पुन्हा पाय चुकला.’

मी माफी मागितली. त्यांनी चहा केला. मुलीने केला, त्यांनी कप पुढे केला.

न तपासता का बोललात, असं मुलीने विचारलं. मी म्हटलं, माझ्या विश्वासातल्या एका माणसाने सांगितलं. कोण ते सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नाही.

तू आता काय करावंस हेही मी सांगणार नाही. तू लहान होतीस तेव्हा सांगत होतो. मी फोरमवर जाणं बंद केलंय.

मामा

---

३० ऑक्टोबर

ती. मामा,
सा. न.

काढलेल्या धाग्यांच्या प्रती मी ठेवल्या होत्या. का ठेवल्या ते मला सांगता येत नाही. चांगुलपणा म्हणून नाही, बहुतेक भीतीने.

१६ तारखेला सकाळी दहा वाजता मी अकराही धागे त्यांच्या मूळ तारखांसकट परत चढवले. वर माझ्या नावाने लिहिलं, की हे धागे मी काढले होते, नियम मोडून, खोटी कारणं देऊन. नव्या मशीनच्या पेडलमध्ये दोष आहे, कंपनीला तो जूनपासून माहीत आहे. मशीन वापरू नका, प्लग काढून ठेवा. आणि मिस्त्रींनी पायाची चूक आहे असं लिहिलं ते मी त्यांना तसं सांगायला लावलं म्हणून. ते माझे मामा आहेत.

दोन वाजेपर्यंत ते तिथे होतं. मग विक्रीप्रमुखांनी फोरमच बंद करवला. पण तोवर हजारो लोकांनी वाचलं होतं, फोटो काढून इकडेतिकडे पाठवलं होतं. आठवड्याच्या आत कंपनीने जाहीर केलं की सगळी पेडलं बदलून मिळतील. माझी नोकरी गेली. वकीलबाईंनी कागदावर सही घेतली तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कारखानाप्रमुख जिन्यात भेटले. म्हणाले, ‘मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, दारात बोलले की ती तक्रार होते.’ मी म्हटलं, तुम्ही बरोबर होता. घरी येताना वाटलं, नाही. फोरम नसता तर पेडलचा दोष कोणाला कळायला वर्ष लागलं असतं. पण तो आमचा होता म्हणून मला दाबता आला. दोन्ही खरं आहे, आणि माझ्या त्या सुंदर टिपणात यातलं एकच होतं.

लोक मला शाबासकीचे निरोप पाठवतात. एकाने ‘धाडस’ असा शब्द लिहिला. मी फोन पालथा घालून ठेवला. चार महिने गप्प बसून चार तास बोलले, यात धाडस कसलं? एक बोट गेल्यावर.

पडदेवालींना मी पत्र लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही, येऊही नये. तुझ्याकडे येऊ का, हे विचारायचं होतं.

तुझी,
खारू

---

२३ नोव्हेंबर

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

ये. विचारायचं काय त्यात. रविवारी ये, जेवायलाच ये. मी रागावलो होतो, अजूनही थोडा आहे, पण त्याला जेवणाशी काही देणंघेणं नाही.

लोकांनी आता आपला स्वतःचा फोरम काढलाय. कंपनीचा नाही, कुणाचाच नाही. पडदेवालींची मुलगी आणि आणखी दोघं मिळून चालवतात. जुने जेवढे धागे कुणी ना कुणी उतरवून ठेवले होते ते सगळे तिथे आणून लावलेत, तुझे अकराही. मी पहिल्या दिवशी गेलो आणि मी काय केलं ते लिहिलं, आणि मला ऐकू येत नाही हेही लिहिलं. काहींनी बोल लावले. ते राहू दिलेत. बाईंचं बोट अजून वाकत नाही, पण मधल्या बोटाने कापड धरायला त्या शिकताहेत.

परवा तिथे तुझा विषय निघाला, की तुला सभासद होऊ द्यायचं का. तुझ्याकडून कुणी मागणी केली नव्हती, लोकांनीच काढला. दोन दिवस घमासान झालं. निम्मे म्हणाले, येऊ दे, तिच्यामुळेच खरं कळलं. निम्मे म्हणाले, तिच्यामुळेच कळलं नव्हतं. मी भाग घेतला नाही, मला तो हक्क नाही. शेवटी पडदेवालींनी लिहिलं. मुलीने लिहून घेतलं असणार. त्या म्हणाल्या, ‘तिचं पत्र मला पोचलं. मी उत्तर देणार नाही. तिला इथे लिहायची परवानगी सध्या नको. पण वाचू द्या. आमचं काढून टाकताना तिने ते वाचलं नसणार.’

तसंच ठरलं. तुझ्या नावाने खातं उघडलंय. वाचता येईल, लिहिता येणार नाही.

स्वेटर आण, इकडे गारठा आहे.

तुझा,
मामा

---

१ डिसेंबर

ती. मामा,
सा. न.

त्यांनी बरोबर ओळखलं. अकरांपैकी एकही धागा मी शेवटपर्यंत वाचला नव्हता. पहिल्या ओळीत ‘पेडल’ दिसलं की काढायचे. ऑक्टोबरमध्ये परत चढवताना घाई होती, तेव्हाही वाचले नाहीत.

काल सकाळी टेबलाशी बसून एकेक वाचला. संध्याकाळ झाली. एकाने आपल्या म्हाताऱ्या वडिलांबद्दल लिहिलं होतं, एकीने मशीन थांबत नाही म्हणून चुलीच्या लाकडाने भिंतीवरचं बटण बंद करते अशी थट्टा केली होती. पडदेवालींचा पहिला धागा, जूनमधला, लांबलचक आहे. पेडल कधी चिकटतं, किती वेळाने, कोणत्या कापडावर, सगळं नीट लिहिलंय. कारखान्याला तपासायला हवं होतं ते सगळं त्यात होतं. आणि शेवटच्या दोन ओळी मला उद्देशून होत्या. त्या तुला लिहून पाठवते, कारण दुसरीकडे कुठे लिहायची मला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे.

‘कंपनीच्या ताई, बाहेरच्या गटात हे सांग असं मला शेजारीण म्हणत होती. पण तुम्ही वर सही करून शब्द दिलाय, म्हणून आधी तुम्हालाच सांगतेय.’

रविवारी पहिल्या बसने निघते.

तुझी,
खारू